महिन्याची पत्रिका, वर्षाचे गाणे

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गावर नवापूर सोडले की नंदुरबारच्या आधी खांडबारा लागते. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, ही गंमत पुष्कळांना ठाऊक असते. खांडबाऱ्याविषयी मात्र सांगण्यासारखे काही आहे असे प्रवाशांना सहसा वाटत नाही. मावची, कोकणा, भिल्ल, गावित अशा आदिवासी समाजांची ही वस्ती. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, तेव्हापासून हा भाग एका नव्या जिल्ह्याच्या टोकाला आहे. नाट्यगृह, संगीतसभा, तिकिटाची खिडकी यांपैकी येथे काहीही नाही.

अशा गावात बसून आम्ही अलीकडे मुंबईच्या एका मोठ्या संगीतगृहाची महिन्याची कार्यक्रमपत्रिका वाचत होतो. कोणाच्या तरी सामानातून ती इथवर आली होती. एका संध्याकाळी ख्याल, दुसऱ्या संध्याकाळी पाश्चात्त्य चौकडीचे वादन, मग कर्नाटक संगीताची कचेरी, मग जॅझ, आणि एका कोपऱ्यात, काहीशा संकोचाने छापलेले, ‘प्रायोगिक’ संगीत. अशी पत्रिका वाचताना दोन भावना एकदम होतात. एक हेव्याची, दुसरी शंकेची. हेवा कशाचा ते उघड आहे. शंका अशी की, हे वैविध्य नेमके कोणी ठरवले, आणि ते ठरवताना त्याने कान कुठवर लांबवले होते? हा प्रश्न इतिहासाचा आहे, म्हणून त्याचा माग इतिहासातूनच काढला पाहिजे.

आरंभी शब्दांकडे पाहू. मराठीत नाटकाचा ‘प्रयोग’ होतो. गाण्याची मात्र ‘मैफल’ होते, ‘बैठक’ होते, एके काळी ‘जलसा’ होत असे. नाटकवाल्यांनी ‘प्रयोग’ हा शब्द इतका आपलासा केला की, पुढे रूढ चौकट मोडणाऱ्या नाटकाला वेगळे नाव देण्याची वेळ आली तेव्हा ‘प्रायोगिक’ हे विशेषण त्याच धातूतून काढावे लागले. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ने जी चळवळ चालवली, तिने हे विशेषण घरोघरी नेले. संगीताच्या बाबतीत असे घडले नाही. ‘प्रायोगिक संगीत’ म्हटले की मराठी श्रोता अजूनही किंचित बिचकतो. ‘मैफल’ या शब्दात आपुलकी आहे, ओळखीच्या माणसांचे वर्तुळ आहे, गायकाने रसिकाची नाडी ओळखून गाण्याची अपेक्षा आहे. अनोळखी गोष्ट ऐकण्यासाठी स्वतःहून जाऊन बसणे हा त्या शब्दाचा स्वभाव नव्हे. तो स्वभाव श्रोत्यांच्या अंगी आणण्याचे काम दीडशे वर्षांत काही संस्थांनी केले, आणि त्याचे साधन होते वर्गणी.

दरबारात गाणे ऐकायचे तर एका माणसाची आवड पुरेशी असे. संस्थानिकाला धृपद आवडले तर धृपद, ठुमरी आवडली तर ठुमरी. इतरांनी तेच ऐकायचे आणि मान डोलवायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्यात याला पर्याय उभा राहू लागला. १८७० साली कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने मुंबईत पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला, आणि त्याची शाखा पुढे मद्रासपर्यंत पोहोचली. कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लबचा इतिहास सुरू होतो. १९११ साली भास्करबुवा बखले यांनी पुण्यात भारत गायन समाजाचा पाया घातला. या संस्थांची धोरणे वेगवेगळी होती, परंतु व्यवहाराचे तत्त्व एकच होते. सभासदाने वर्गणी आगाऊ द्यायची. काय ऐकायला मिळेल ते मंडळ ठरवील.

हा बदल दिसतो त्याहून मोठा होता. वर्गणीदार एका गाण्याचे पैसे देत नाही. तो न ऐकलेल्या पुढच्या गाण्याचेही पैसे देऊन बसलेला असतो. पैसे दिले आहेत म्हणून जाणे, गेलो आहोत म्हणून बसणे, आणि बसलो आहोत म्हणून ऐकणे: या काहीशा कंजूष तर्काने पुष्कळ माणसांना आपल्या आवडीबाहेरचे संगीत भेटले. विष्णु नारायण भातखंडे १८८४ साली गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले, तेव्हा ते एक हौशी सतारवादक विद्यार्थी होते. तेथे त्यांना धृपदाचे आणि ख्यालाचे जे भांडार मिळाले, ते कोण्या एका घराण्याच्या दारात उभे राहून मिळाले नसते. त्यांच्या पुढच्या साऱ्या शास्त्ररचनेच्या मुळाशी सभासदांच्या पैशावर चाललेली एक मंडळी आहे, ही गोष्ट आम्हास फार महत्त्वाची वाटते.

अर्थात या वैविध्याला कुंपणही होते. हे समाज ‘घरंदाज’ लोकांना संगीताची गोडी लागावी म्हणून निघाले होते. त्यामुळे ज्या कलावंतिणींनी आणि उस्तादांनी ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्याकडून शिकायचे पण त्यांच्या शेजारी बसायचे नाही, असा एक पेच प्रारंभापासून होता. पत्रिकेवर काय येते याबरोबर कोण येते हाही प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी या वर्तुळाचा परीघ आणखी वाढवला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून बाहेर पडलेल्या या गवयाने संस्थानिकाच्या आश्रयाला राहण्यापेक्षा तिकीट लावून जाहीर जलसे करणे पसंत केले. ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय निघाले, १९०८ साली ते मुंबईत आले. परंतु मुंबईत उभारलेली विद्यालयाची इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली, हेही विसरता कामा नये. गाणे दरबारातून जनतेत आणणे या वाक्याचा उच्चार सोपा आहे. त्याचा हप्ता कोणी फेडायचा याचे उत्तर पलुस्करांनाही सापडले नाही.

याच मुंबईत, मराठी वाचकांच्या नजरेपासून काहीसा दूर, आणखी एक प्रयोग चालू होता. १९३४ साली वॉल्टर काउफमान नावाचा बोहेमियातील ज्यू संगीतकार मुंबईत उतरला. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे शिकलेला हा तरुण. हिटलरच्या युरोपात त्याला भवितव्य नव्हते. मुंबईत त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी या मंडळीचे वादन होत असे आणि त्यात व्हायोलिनवर मेहली मेहता असत. मेहलींनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबिन पुढे जगभर गाजले. काउफमान १९३७ पासून आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे काम पाहू लागले. सकाळी केंद्र सुरू होताना आपण जी धून पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, ती सामान्यतः त्यांच्याच नावावर मांडली जाते.

एवढ्यावर थांबलो तर काउफमान हा आश्रयाला आलेल्या एका परदेशी कलावंताचा गोड प्रसंग ठरेल. परंतु या माणसाने आणखी एक काम केले. गोंड आणि बैगा यांची गाणी त्यांनी ऐकली, स्वरलिपीत उतरवली, आणि १९४१ साली अमेरिकेतील एका संगीतविषयक त्रैमासिकात त्यावर लेख लिहिला. बस्तरच्या माडिया-मुरिया गीतांवर ते नंतरही लिहीत राहिले. गुरुवारी जिमखान्यात युरोपीय चौकडी आणि एरवी मध्य भारतातील जंगलवस्तीचे गाणे, हे दोन्ही एकाच कानाने ऐकणारा माणूस त्या काळच्या मुंबईत होता. त्याच्या गुरुवारच्या पत्रिकेत मात्र हे दुसरे गाणे कधी शिरू शकले नाही. ते लेखात गेले, अभ्यासकांच्या कपाटात गेले. कानाला जे कळले होते ते पत्रिकेला कळले नाही. ही विभागणी पुढेही वारंवार दिसते.

ती ओलांडण्याचा एक मार्ग गिरगावात तयार होत होता. बाळकृष्ण रघुनाथ देवधर हे पलुस्करांचे शिष्य. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचेही शिक्षण घेतले होते. १९२५ साली त्यांनी स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढले. घराण्याच्या सोवळ्याओवळ्याला न जुमानता निरनिराळ्या परंपरांतील गवयांना तेथे बोलावले जाई, ऐकले जाई, प्रश्न विचारले जात. या वातावरणात शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, लहानाचे मोठे झाले. क्षयाच्या दुखण्याने १९४८ नंतरची काही वर्षे त्यांना देवासला गाण्यावाचून पडून काढावी लागली. त्या काळात खिडकीबाहेरून येणारी माळव्याची लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली. बरे झाल्यावर त्यांनी ‘धुनउगम’ राग रचले, १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध केले, आणि माळव्याच्या लोकधुना, वर्षाऋतूची गीते अशा एकेका सूत्राभोवती संपूर्ण मैफली बांधल्या.

येथे पत्रिका ही यादी राहिली नाही, ती स्वतःच एक रचना झाली. लोकगीत हे ख्यालाच्या शेवटी तोंडी लावण्यासाठी न येता रागाचे उगमस्थान म्हणून आले. त्या काळी अनेकांना हे पटले नाही. घराण्याच्या अभिमान्यांना त्यात शिस्तभंग दिसला. पण ज्याला आज आपण निःसंकोच ‘प्रायोगिक’ म्हणू, असे मराठी मुलखाने ऐकलेले सर्वांत मोठे संगीत हेच होते, आणि ते बाहेरून आयात झालेले नव्हते.

आता खांडबाऱ्यासारख्या गावाचा विचार करू. वर्गणीची सभा येथे येणे शक्य नव्हते. परंतु १९५२ पासून सभागृह न बांधता सभागृह आले. त्या वर्षी आकाशवाणीने शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री, ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्या ओसरीवर, संपूर्ण देशाची एकच पत्रिका वाजू लागली. दिल्लीत रविशंकरांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंदाचे प्रयोगही याच सुमारास झाले. १९७६ साली जळगावला आकाशवाणीचे केंद्र निघाल्यावर खानदेशाचा आवाज खानदेशातून येऊ लागला. रेडिओने वर्गणीचा तर्क टोकाला नेला: परवान्याचे पैसे भरायचे आणि लागेल ते ऐकायचे. पण वर्गवारी येथेही पक्की होती. शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत असे कप्पे, आणि लोकसंगीताच्या वाट्याला मोजकी मिनिटे.

मुंबईत १९६९ साली नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एनसीपीए, सुरू झाले. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांचा हा उपक्रम. सुरुवातीला भुलाभाई देसाई मार्गावरील ‘आकाशगंगा’ इमारतीत त्याचे बिऱ्हाड होते. मग नरिमन पॉइंटला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर एकेक वास्तू उभी राहिली. १९८० साली टाटा थिएटर उघडले, तेव्हा त्याची रचना फिलिप जॉन्सन या अमेरिकी वास्तुविशारदाने आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांनी केलेली होती. १,०१० आसनांचे हे सभागृह ध्वनिवर्धकावाचूनही सतार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावी या विचाराने बांधलेले होते. बैठकीची जवळीक हजार माणसांत टिकवण्याचा तो प्रयत्न होता. १९८६ साली सुमारे तीनशे आसनांचे एक्सपेरिमेंटल थिएटर आले. १,१०९ आसनांचे जमशेद भाभा थिएटर उद्घाटनाआधीच १९९७ साली आगीत सापडले. ते पुन्हा उभे करून १९९९ साली खुले झाले. २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना तेथेच झाली.

हे आकडे आम्ही मुद्दाम दिले. लहान-मोठी अनेक सभागृहे एका छपराखाली असणे, ही वैविध्याची पहिली व्यावहारिक अट आहे. हजार आसने भरणारा कलावंत आणि साठ माणसांसाठी वाजवणारा कलावंत यांना एकाच महिन्यात जागा द्यायची, तर दोघांना दोन मापांच्या खोल्या लागतात. मोठ्या खोलीच्या मिळकतीने लहान खोलीचा तोटा भरून निघावा लागतो. ज्या शहरात एकच मोठे नाट्यगृह असते, तेथे प्रायोगिक कार्यक्रम होत नाहीत याचे कारण श्रोत्यांची अरसिकता हे नसून बहुधा रिकाम्या खुर्च्यांचे भाडे हे असते.

वास्तूइतकीच माणसेही मोलाची होती. संस्थेचे कार्यकारी संचालक व्ही. के. नारायण मेनन आकाशवाणीचे महासंचालकपद सांभाळून आलेले होते. कवी येट्सवर ग्रंथ लिहिणारा आणि वीणा वाजवणारा हा माणूस. पु. ल. देशपांडे काही काळ तेथे मानद संचालक होते. आणि १९८४ पासून जवळजवळ दशकभर तेथे अशोक दा. रानडे होते. रानड्यांनी १९७०च्या दशकात मराठीत एकीकडे ‘लोकसंगीतशास्त्र’ लिहिले आणि दुसरीकडे स्ट्राव्हिन्स्कीच्या सांगीतिक सौंदर्यशास्त्रावर पुस्तक लिहिले. काउफमानच्या बाबतीत दोन कप्प्यांत राहिलेले कुतूहल येथे एका माणसाच्या एकाच टेबलावर आले. ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ असे त्यांचे कार्यक्रम म्हणजे रंगमंचावर मांडलेले संशोधनच होते; ज्या लावणीकडे घरंदाज समाजांनी पाठ फिरवली होती, ती नरिमन पॉइंटला विद्वत्तेच्या मानाने आली.

रानड्यांनी आणखी एक गोष्ट दिली, आणि ती आमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. भारतीय संगीताच्या त्यांनी सहा कोटी कल्पिल्या: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. ही उतरंड नव्हे. प्रत्येक कोटीचे प्रयोजन वेगळे, तिचा श्रोता वेगळा, तिची कसोटी वेगळी. कलासंगीताच्या गजाने आदिम संगीत मोजणे ही चूक आहे, हे त्यांनी शास्त्र म्हणून सांगितले. तेव्हा आमच्या हातातील पत्रिका या सहा कोटींवर धरून पाहिली तर काय दिसते? कलासंगीत भरपूर, भारतीय आणि पाश्चात्त्य. संगमसंगीत बऱ्यापैकी. भक्ती आणि जन अधूनमधून. लोक एखाद्या सणाच्या निमित्ताने. आदिम कोटीचा रकाना रिकामा.

हा रकाना ज्या संगीताने भरायचा, ते आमच्या परिसरात आजही वाजते. कोकणा समाजातील थाळगान घ्या. (कोकणा म्हणजे कोकणपट्टीचे लोक नव्हेत, सह्याद्रीच्या उत्तर टोकाचा हा आदिवासी समाज.) काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवतात आणि त्या काडीवरून बोटे खाली ओढत राहतात. थाळी घुमू लागते. हा घुमारा अखंड चालतो, आणि त्यावर कथा सांगणारा रात्रभर देवाची, धान्याची, रामाची कथा गात राहतो. त्यात ताल नाही, पेटी नाही. एकच स्वर, त्याच्या आत हलणारे अनेक सूक्ष्म स्वर, आणि माणसाचा आवाज.

आता जगाकडे पाहा. अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांत ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या एकाच नादावर उभे राहणारे संगीत रचले आणि त्याला प्रायोगिक संगीतात मानाचे स्थान मिळाले. हे दोघेही १९७०पासून किराना घराण्याच्या प्राणनाथांचे शिष्य झाले. तानपुऱ्याचा नाद हाच त्यांचा गुरुमंत्र होता. त्याआधी जॉन केज यांना १९४६च्या सुमारास भारतीय संगीताची ओळख गीता साराभाई यांनी करून दिली होती. म्हणजे ज्याला आपण पाश्चात्त्य प्रयोग म्हणून बिचकतो, त्याच्या पायाशी आपलाच आधारस्वर आहे. न्यूयॉर्कच्या माळ्यावर घुमणारा नाद मुंबईच्या पत्रिकेत ‘प्रायोगिक’ म्हणून येऊ शकतो. खांडबाऱ्याच्या परिसरात थाळीतून घुमणारा नाद ‘लोककला महोत्सव’ या मथळ्याखाली, दहा मिनिटांच्या नृत्याच्या साथीला येतो. दोहोंतील अंतर नादाचे नाही. ते पत्रिका लिहिणाऱ्याच्या कप्प्यांचे आहे.

येथे कोणी म्हणेल, आदिवासींचे संगीत सभागृहात आणणे हाच मुळी अन्याय आहे. ते त्याच्या जागी असू द्यावे. या आक्षेपात तथ्य आहे. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. नवस बोललेला असतो, पथ्ये पाळायची असतात, रात्रीमागून रात्री पावरीच्या सुरावर फेर धरला जातो आणि पौर्णिमेला डोंगरावर त्याची सांगता होते. भोपळा, बांबू आणि शिंग जोडून केलेली पावरी वाजवणारा श्वास तुटू न देता वाजवत असतो. मार्गशीर्ष नसताना, नवस नसताना, वातानुकूलित दालनात साडेसात ते आठ या वेळात ती वाजली, तर काय वाजले असे म्हणायचे? महिन्याची पत्रिका बाराही महिने सारखी असते. आमच्याकडील गाण्याला वर्ष असते. होळीचा ढोल होळीलाच.

परंतु हा युक्तिवाद कलासंगीतालाही तितकाच लागू आहे, हे आपण सोयीने विसरतो. रागांनाही वेळ असते. सभागृहाच्या संध्याकाळने भैरव, तोडी यांना कोपऱ्यात ढकलले. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे रात्र-रात्र चालत राहिला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी आली आणि उत्तररात्रीच्या रागांची ती हक्काची जागा गेली. दरबारी बैठकीतून हजार आसनांत येताना ख्यालाने वेळ, जागा, जवळीक अशा पुष्कळ गोष्टी गमावल्या; तरी तो आला, कारण येण्यावाचून त्याचे पोट भरत नव्हते आणि आल्यावर त्याला मान मिळाला. शुद्धतेची काळजी आपण फक्त आदिवासींच्या वतीने वाहतो. थाळगान करणाऱ्या कथेकऱ्याला त्याचे उत्तर स्वतः देऊ द्यावे, हे अधिक बरे. त्याला यायचे नसेल तर तो येणार नाही. यायचे असेल तर त्याला संपूर्ण संध्याकाळ, त्याचे नाव आणि सतारवादकाला मिळते तेवढी बिदागी मिळावी. पाठीमागे नाचणारे पथक नको, आणि निवेदकाचे ‘लुप्त होत चाललेली कला’ हे पालुपदही नको.

आमचे म्हणणे संस्थांना नावे ठेवण्याचे नाही. उलट, काबराजींपासून रानड्यांपर्यंतच्या या इतिहासाने आम्हास एवढे पटवले आहे की श्रोत्याने न मागितलेले संगीत त्याच्यापुढे चिकाटीने ठेवणे, हे एखाद्या संस्थेने करावयाचे फार मोठे काम आहे. बाजार ते करणार नाही. बाजार मागितलेलेच देतो. आज हातातल्या फोनवर जगातील सर्व संगीत आहे, पण फोन आपल्याला काल आवडलेले तेच आज पुढे करतो. बळवंतरावांना धृपद आणि धनजीशेठना ठुमरी असे ज्याचे त्याला न देता सर्वांना सर्व ऐकायला लावणारी ती जुनी वर्गणी, आजच्या काळात अधिक मोलाची झाली आहे. म्हणूनच पत्रिका लिहिणाऱ्याने तिचा विस्तार आणखी एक कोटी पुढे न्यावा, एवढीच आमची मागणी आहे.

आणि या मागणीला एक उलट बाजूही आहे. खांडबाऱ्याच्या मुलाला चौकडीचे वादन कधी समोर बसून ऐकायला मिळणार? त्याच्या आजाच्या थाळीतला नाद मुंबईस पोहोचावा हे जितके न्याय्य, तितकेच बाखची एक सुटी व्हायोलिनवर नवापूरच्या एखाद्या आश्रमशाळेच्या व्हरांड्यात वाजावी हेही न्याय्य. त्या मुलाला लोकसंगीतच आवडेल असे गृहीत धरणे, हा आणखी एक कप्पा झाला. लाहोर, मिरज, देवास, बर्लिन अशा लांबलांबच्या गावांहून माणसे आली म्हणून मुंबईची पत्रिका समृद्ध झाली. लोहमार्ग तर येथूनही जातो.

मार्गशीर्ष आला की रात्री डोंगराच्या बाजूने पावरी ऐकू येते. तिची पत्रिका छापलेली नसते. कोणत्या रात्री कुठे, हे ज्यांना कळायचे त्यांना कळते. मुंबईची ती महिन्याची पत्रिका आम्ही जपून ठेवली आहे. महिना सरला, तिच्यावरच्या तारखा उलटल्या. प्रायोगिक संगीताच्या त्या संध्याकाळी सभागृहात किती माणसे आली असतील, याचा आम्ही मधूनमधून विचार करतो. थोडी असतील. जी आली असतील, त्यांना आमच्याकडील थाळी ऐकवायला हवी. ती बिचकणार नाहीत.